लिफ्टमधला निषाद

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या सोसायटीच्या लिफ्टविरुद्ध आज लेखी तक्रार दिली. गेल्या महिन्यात तिला नवं यंत्र बसवलं. जाळीचा दरवाजा उघडा राहिला की ती गाते. सा, ग, प, नि असे चार स्वर वाजवते आणि निषादावर गप्प होते. षड्जावर परत येतच नाही. चौथ्या मजल्यावर जाऊन चपला काढेपर्यंत तो निषाद माझ्या डोक्यात एखाद्या अवघडलेल्या पाहुण्यासारखा उभा असतो. बसा म्हटलं तर बसत नाही, या आता म्हटलं तर जात नाही. सोसायटीचे सचिव बाळ केतकर यांना लिहिलं, ‘महोदय, ज्या वास्तूत स्वराला घरी पोचवण्याची सोय नाही, तिथे रहिवाशांनी कोणत्या भरवशावर वर चढावे?’ संध्याकाळी पत्र परत आलं. खाली लाल पेनाने उत्तर होतं: ‘जिना आहे.’

श्यामला म्हणाली, “अहो, केतकरांचं अक्षर सुंदर आहे, नाही?” बायको नवऱ्याच्या बाजूने असते हा समज कोणत्या शास्त्रात आहे ते शोधायला हवं.

दुसरी गोष्ट. कोथरूडमधल्या एका संस्थेने इलेक्ट्रॉनिक संगीताची स्पर्धा भरवली आहे आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. तीस वर्षं दैनिकात संगीतावर लिहितोय. पण माझं शिक्षण संस्कृतातलं आणि माझी वीज मीटरपर्यंतची. तरीही हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सापडेना.

“परीक्षकाला शेवटपर्यंत बसावं लागतं,” श्यामला म्हणाली. “जमेल का? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तुमच्याबरोबर मी एकही भैरवी ऐकलेली नाही.”

हे खरं आहे, पण त्याला कारण आहे. पूर्वी साडेनऊला दैनिकाचं पान छपाईला लागायचं. नऊला उठून कचेरी गाठायची आणि मैफल संपायच्या आत समीक्षा संपवायची, ही धंद्याची रीत. आता पान उशिरापर्यंत थांबतं. पायांना ते अजून कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सहपरीक्षकाला भेटलो. पियुष, वय सव्वीस, म्युझिक प्रोड्यूसर. गळ्यात हेडफोन, जसा आमच्या वेळी उपरणं. मुलगा लाघवी आहे. मला दोन तास ‘सर सर’ म्हणत ‘बीट’ आणि ‘बास’ समजावत होता. मी मान हलवत होतो. पाठशाळेत पहिली दोन वर्षं न्यायशास्त्रही मी असंच शिकलो.

गुणांचा तक्ता: तंत्राला तीस, सादरीकरणाला तीस, नावीन्याला चाळीस. मी एक रकाना वाढवायला लावला: ‘ऋण’. जे वाजवताय ते कोणाकडून घेतलंत?

“सर, नॉव्हेल्टी आणि ऋण एकाच कागदावर? लोक कन्फ्यूज होतील.”

“होऊ देत. तेवढंच काही तरी नवीन होईल.”

तो हसला. आमचं जमेल.

९ फेब्रुवारी, रविवार

प्राथमिक फेरी. बारा स्पर्धक. पहिल्या दहांनी माझ्या छातीच्या पिंजऱ्याची कसून तपासणी केली. पाचव्याने लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं आणि पुढची आठ मिनिटं मान हलवली. मानेला गुण द्यायचे का, ते तक्त्यात नव्हतं. दहावा संपला तेव्हा मी उठलो. मुद्दाम नाही. घड्याळात बारा वाजले होते, पण पायांच्या हिशेबी नऊ. पिशवी खांद्याला लावली होती. तेवढ्यात चहा आला. चहा गरम होता म्हणून बसलो.

अकरावी आली ऋतुजा. येरवड्याची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप नाही. टेबलावर एक जुना कॅसेट डेक, झाकण काढलेला, आणि शेजारी बुलबुलतरंग, तारांना वायर जोडलेला. गणपतीत ज्याला बेंजो म्हणतात तोच. तिने चार स्वर वाजवले. थांबली. चार सेकंदांनी तेच चार स्वर डेकमधून परत आले. त्यांच्यावर तिने दुसरे चार ठेवले. मग आठही परत आले. थरावर थर. मग एक बटण हळूच फिरवलं आणि तो सगळा मनोरा जसाच्या तसा एक स्वर खाली उतरला, भरल्या ताटासह कोणी पायरी उतरावी तसा.

चहा गार झाला. नावीन्याला चाळीसपैकी अडतीस दिले. दोन राखून ठेवले, कारण पूर्ण गुण देणारा परीक्षक पुण्यात संशयास्पद ठरतो. वहीत पुढच्या लेखाचं पहिलं वाक्यही लिहिलं: ‘हे पुण्यात पूर्वी कोणी केलेलं नाही.’ ती आणि आणखी दोघे अंतिम फेरीत गेले.

फार दिवसांनी घरी येताना शीळ घालत होतो. लिफ्टमध्येसुद्धा.

१० फेब्रुवारी, सोमवार

स्पर्धकांचे कागद वाचले. ‘ऋण’ या रकान्यात बहुतेकांनी ‘इंटरनेट’ लिहिलंय. एकाने ‘स्वतः’. एकाने ‘मम्मी’, तो मला आवडला.

ऋतुजाने लिहिलंय: ‘साईनाथ कुदळे, रेडिओ दुरुस्ती, बुधवार पेठ. हे सगळं त्यांनी १९९५च्या गणपतीत केलं होतं. त्यांचं यंत्र आता नाही. मी ते सोबतच्या कात्रणावरून बनवलं.’

म्हणजे माझं पहिलं वाक्य गेलं. असो. जोडलेली झेरॉक्स वाचली. छापील समीक्षा, खाली ‘आमच्या संगीत प्रतिनिधीकडून’. वर्णन काय नेटकं! कॅसेट फोडून फितीचा चार सेकंदांचा तुकडा कापून त्याचं वेटोळं कसं केलं; डेकमध्ये जुना आवाज पुसणारा जो भाग असतो, त्याच्यापुढे पत्त्यातल्या जोकरची बारीक पट्टी सरकवून त्याला कसं मुकं केलं, म्हणजे नवा आवाज जुन्यावर बसतो, जुना जात नाही; मोटरचा वेग बदलायला रेडिओचं कोणतं बटण लावलं. लिहिणारा कोणी तरी अत्यंत सावध माणूस. असं लिहिणारे आता उरले नाहीत, असं मनात म्हणालो. श्यामलालाही वाचून दाखवलं. ती विचित्र नजरेने बघत होती.

मग दुसरा परिच्छेद आला. ‘हे संगीत असेल, तर पिठाची गिरणी ही गायनशाळा मानावी लागेल, आणि तिथे निदान पीठ तरी मिळते.’

गिरणीचं वाक्य माझं आहे.

चोवीस वर्षांचा होतो. नोकरीला चार महिने झाले होते. पाठशाळेत देशिंगकर गुरुजींनी हाडात भिनवलेलं: आधी पूर्वपक्ष मांड. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं सांग, एक कडी सुटता कामा नये, मग खोड. मी मांडला. मग खोडला. मांडणी इतकी चोख की त्यावरून एका मुलीने यंत्र उभं केलं. आणि निकाल हा असा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जुनी कात्रणं माळ्यावर शोधली. त्या समीक्षेखाली नाव नाही, म्हणजे कोणालाच माहीत नाही.

“काय शोधताय? गिरणी?” श्यामलाने खालून विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“अहो, आपल्या साखरपुड्यात ते वाक्य तुम्हीच ऐकवलंत. दोनदा. माझ्या मामांना तर तिसऱ्यांदा.”

म्हणजे दोघांनाच माहीत आहे. आणि मामांना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बुधवार पेठेत जाऊन आलो. नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आधी माणूस बघू. बरोबर घरचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर घेतला, गिऱ्हाईक म्हणून.

वायरी, स्पीकर आणि चार्जरच्या दुकानांमध्ये दबलेली एक टपरी. साईनाथ कुदळे साठी ओलांडलेले, कानामागे पेन्सिल, समोर उघडा रेडिओ. माझ्याकडे बघितलं, टेपरेकॉर्डरकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

“बसा साहेब. घाईत नाही ना? तुम्हा लोकांना नऊला निघायचं असतं.”

सकाळचे अकरा वाजले होते. माणूस जरा विसरभोळा असावा.

ते टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलत असताना मी बेंजोचा विषय काढला. तेही आडपडदा न ठेवता बोलायला लागले. “बेंजो वाजवणारे आम्ही गल्लीत सहा जण. सहाही जण तेच गाणं वाजवणार. मला कंटाळा आला. म्हटलं, दुसरा साथीदार घ्यावा तर त्याला नाश्ता लागतो, त्याला राग येतो. आपल्याच हाताला साथीदार करू. डेक होताच दुरुस्तीला आलेला.”

“मग सोडलंत का?”

“मी कुठं सोडलं? पेपरात आली ना गिरणी. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, साईनाथ, पुढच्या वर्षी आपण दुसरी पार्टी सांगतोय. त्या वर्षी दुसऱ्या एका मंडळाने बोलावलं, तिसऱ्या वर्षी कोणीच विचारलं नाही. मग डेकचे भाग दुसऱ्यांच्या डेकमध्ये गेले.” हे ते हसत सांगत होते. मी टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत होतो.

“राग नाही आला? लिहिणाऱ्याचा?”

त्यांनी माझ्याकडे बघून पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. “आला की. वर्षभर होता. पण साहेब, ज्याने लिहिलं त्याने शिव्या दिल्या, पण ऐकून दिल्या. बाकीचे टाळ्या वाजवून वडापाव खायला गेले. आता ही पोरगी आली, काका आवाजावर आवाज कसा बसवायचा, म्हणाली. माझं मलाच आठवेना कोणती वायर कुठं. म्हटलं, थांब, एकाने सगळं लिहून ठेवलंय. पेटीतून कात्रण काढून दिलं.”

पट्ट्याचे पैसे घेतले नाहीत. “राहू द्या. तुमचं खातं जुनं आहे.” मी त्या दुकानात पूर्वी कधीच गेलेलो नाही. कोणाशी तरी गल्लत होत असावी.

नाव सांगायचं राहूनच गेलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पियुषचा फोन. ऋतुजाचा कागद त्यानेही वाचला. “सर, ती सॉलिड आहे, पण नावीन्य? फितीचं वेटोळं, टेप लूप, तर जगात सत्तर वर्षांपूर्वीच झालंय. आणि आता हिनेच लिहून दिलंय की पुण्यातसुद्धा झालंय. मी नावीन्याला दहा देतोय.”

“म्हणजे तिने खरं लिहिलं म्हणून अठ्ठावीस गुण कापायचे? ज्याने ‘स्वतः’ लिहिलं त्याने तर परवा तुझ्याच भाषेत ‘सँपल’ वाजवले, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे.”

“तसं नाही सर. पण मग नवीन कोण? ती की ते काका? आणि काका तरी कसे नवीन? बाहेर झालेलंच होतं.”

“त्यांना कोणी सांगितलं होतं? बाहेरचं जग तेव्हा बुधवार पेठेत येत नव्हतं, पियुष. बेंजोचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ते दुरुस्तीच्या टेबलावर शोधलं.”

“पण हे तुम्हाला कसं माहिती, सर?”

इथे मी फोन ठेवला. लाइन खराब आहे म्हणालो. ती उत्तम होती.

श्यामला एवढंच म्हणाली, “त्या मुलीने रकाना भरला. तुमचा कोण भरणार?”

१६ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहायला हवं.

अंतिम फेरी. सभागृह भरलेलं. पहिले दोघे झाले. ऋतुजा माइकवर आली. “सर, नियमात एकट्यानेच वाजवायचं असं नाहीये. माझ्याबरोबर साईनाथकाका बसले तर चालेल?” पियुषने माझ्याकडे पाहिलं. मी नियम वाचला. तसं खरंच नव्हतं. इतका आनंद मला कुठल्या नियमाने आजवर दिलेला नाही.

साईनाथ इस्त्रीच्या शर्टात आले, पेन्सिल कानामागे. तिने बेंजो घेतला, ते डेकपाशी बसले. परवाचंच सुरू झालं: चार स्वर, त्यावर चार, मनोरा, त्याचं उतरणं. इथपर्यंत मला पाठ होतं. इथेच माझी समीक्षा संपते.

यांचं संपलं नाही. साईनाथांनी ऋतुजाला खूण केली. ती एकच स्वर धरून बसली, षड्ज. त्यांनी दोन बोटांनी जोकरची पट्टी धरली आणि इंच इंच मागे ओढायला सुरुवात केली. पुसणारा भाग जागा झाला. दर चार सेकंदांनी मनोऱ्यातला एकेक मजला विरत गेला. आधी सगळ्यात जुना आवाज धूसर झाला, मग त्याच्यावरचा. गर्दी पांगावी तसं. आणि पट्टी पूर्ण बाहेर आली तेव्हा फितीवर तेवढा एक षड्ज उरला होता. तो एकदा परत आला. मग साईनाथांनी डेक बंद केला.

सभागृहात मग जे झालं त्याला टाळ्या म्हणणं अपुरं आहे. मागच्या रांगेत कोणी तरी खुर्ची बडवत होतं. ती श्यामला होती, हे नंतर कळलं.

पियुष माझा दंड धरून, “सर, शेवट! पुसणं वाजवलं त्यांनी! हे मी कुठेच नाही ऐकलं. कुठेच!” त्याने स्वतःचा दहाचा आकडा खोडला. चाळीस लिहिले.

निकाल सांगायला मला माइक दिला. पहिली ऋतुजा, नावीन्याच्या रकान्यात आम्ही दोन नावं लिहिली आहेत, हे सांगितलं. तिथे थांबता आलं असतं. श्यामला दिसत होती. म्हणालो, “एक ऋण माझंही आहे. या दोघांच्या यंत्राचं जे वर्णन कात्रणात आहे ते मी लिहिलं. त्याखालची गिरणीही माझीच. वर्णनात चूक नव्हती. निकालात होती. साईनाथराव, तीस वर्षं उशिरा ती खोडतो.”

लोक हसले आणि मग पुन्हा हसले, कारण साईनाथ माझ्या हातातल्या माइकपाशी तोंड आणून म्हणाले, “मला माहितीये की साहेब! खांबाजवळच्या खुर्चीत होतात. वहीत लिहीत होतात, सारखे घड्याळ बघत होतात. टपरीत आलात तेव्हाच ओळखलं. नाव सांगाल म्हणून वाट बघत होतो.” आणि मग, अगदी सहज, तक्रार नाही अशा सुरात, “नऊ वाजता उठलात. शेवट राहिला होता.”

मी म्हणालो, “आज ऐकला.”

“आज चांगला झाला. तेव्हा पट्टी अडकली होती.”

परत येताना रिक्षात श्यामला म्हणाली, “आता मामांना फोन करून सांगा.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेख आज छापून आला, माझ्या नावाने. मथळा: ‘तीस वर्षांपूर्वीच्या समीक्षेची दुरुस्ती’. त्याच जुन्या मंडळाच्या आताच्या अध्यक्षांचा साईनाथांना फोन आला, यंदाच्या गणपतीत दोघं मिळून वाजवाल का म्हणून. ऋतुजाने हो म्हटलंय, साईनाथांनी ‘नाश्ता लागेल’ म्हटलंय.

दुपारी साईनाथ आमच्याकडे जेवायला आले. श्यामलाने पुरणपोळी केली होती. बारा वाजता येणार होते, साडेबारा झाले तरी पत्ता नाही. खालून केतकरांचा आवाज आला, “कोण आहे ते? लिफ्टचं दार लावा!” मी धावत खाली गेलो.

साईनाथ लिफ्टमध्ये उभे, जाळीचं दार एका हाताने उघडं धरलेलं, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. लिफ्ट गात होती. सा, ग, प, नि.

“अहो, हे असंच आहे,” मी म्हणालो. “निषादावर थांबतं. मी लेखी तक्रार केली आहे.”

“दार लावू नका. थांबा.”

केतकर उभे, मी उभा, तिसऱ्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या. मी मनात मोजले, सात सेकंद. आणि मग त्या डबड्यातून, मोठ्या विश्रांतीनंतर, वरचा षड्ज आला. गोल, पूर्ण. त्यानंतर एक छोटीशी तान घेऊन तो खाली उतरला आणि धून संपली.

“बघा,” साईनाथ म्हणाले, “पूर्ण आहे. तुम्ही सगळे त्याआधीच दार लावता.”

केतकर चकित. म्हणाले, “महिनाभरात एकदाही ऐकलं नव्हतं.” मग माझ्याकडे वळून, “आता तक्रार मागे घ्या, लेखी.” घेतली. सुहासिनीबाईंना ती धून परत ऐकायची होती म्हणून दार पुन्हा उघडलं. वर पोळ्या गार होत होत्या.

दिवस आनंदाचा गेला, हे आधी लिहून ठेवतो. पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. तीस वर्षांत मी हजारभर समीक्षा लिहिल्या असतील. साईनाथांनी कात्रण जपलं, एक मुलगी आली, म्हणून एक चूक कळली. बाकीच्या किती मैफलींतून मी शेवटाआधी उठलो आणि अर्ध्यावर निकाल दिला, ते आता कोणी सांगणार नाही; ते कलाकारही कदाचित नाहीत. याचंही फारसं वाईट वाटून घेत नाही, ते गेलं. मला खरी काळजी वेगळीच वाटते. नऊ तारखेला, दहाव्या स्पर्धकानंतर, पिशवी माझ्या खांद्याला होती. मी निघालोच होतो. चहा गरम होता म्हणून बसलो.